बी.कॉम., बीएमएस किंवा एमबीएनंतर फिनटेकमध्ये कसं शिरायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाणिज्य किंवा व्यवस्थापनाची पदवी हातात आहे, बँकेच्या काउंटरवर बसायचं नाही, आणि 'फिनटेक' हा शब्द सगळीकडे ऐकू येतो, अशांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. उत्तरं भारतातल्या, मुख्यतः मुंबई-पुण्याच्या बाजारपेठेपुरती आहेत.

फिनटेक म्हणजे नेमक्या कोणत्या कंपन्या?

पैशाच्या व्यवहाराचं एखादं काम सॉफ्टवेअरच्या जोरावर करणाऱ्या. पेमेंटमध्ये फोनपे, रेझरपे, बिलडेस्क, शेअर आणि म्युच्युअल फंडांत झिरोधा, ग्रो, एंजल वन, विम्यात पॉलिसीबझार, शिवाय मोबाइलवरून कर्ज देणाऱ्या अनेक कंपन्या. याखेरीज एक मोठा गट ग्राहकांना दिसतच नाही. तो बँकांना कोअर बँकिंग (सगळी खाती सांभाळणारी मुख्य प्रणाली), केवायसी, वसुली, फसवणूक पकडणं यासाठी प्रणाली पुरवतो. नव्या पदवीधरांचे अर्ज नाव माहीत असलेल्या अ‍ॅपवाल्या कंपन्यांकडे धावतात आणि या दुसऱ्या गटाकडे कमी जातात. सुरुवात मात्र तिथे बऱ्याचदा सोपी जाते.

अर्ज करण्यापूर्वी प्रत्येक कंपनीबद्दल दोन गोष्टी शोधून काढा. परवाना कोणाचा आहे, आणि पैसे प्रत्यक्षात कोणाच्या खात्यात असतात? यूपीआय अ‍ॅप स्वतः बँक नसतं, ते एखाद्या बँकेच्या खांद्यावर उभं असतं. ५ मार्च २०२० रोजी येस बँकेवर निर्बंध आले आणि तिच्यावर विसंबून असलेली फोनपेची सेवा त्याच रात्री ठप्प झाली. यामुळेच या क्षेत्रात 'पार्टनर बँक' हा विषय संचालक मंडळापर्यंत जातो.

मला कोडिंग येत नाही. मग दार बंद?

नाही. उलट वाणिज्य शाखेच्या मुलांनी पायथॉनच्या तीन कोर्सची प्रमाणपत्रं जोडून अभियंत्यांशी स्पर्धा करायला जाणं, हीच मोठी चूक. अ‍ॅप बांधणारे बरेच मिळतात. एका व्यवहारात नावे काय, जमा काय, मधल्या वेळात पैसा कोणत्या खात्यात पडून आहे आणि त्यावर जीएसटी कुणी भरायचा, हे नीट सांगणारे कमी मिळतात. तुमची जागा ही आहे. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा) मात्र शिकावंच लागेल; त्याबद्दल पुढे.

पहिली नोकरी कोणत्या नावाने मिळते?

जाहिरातीतली नावं फसवी असतात, कामाचं वर्णन वाचा. पेमेंट ऑपरेशन्स, सेटलमेंट (जमलेला पैसा दुकानदाराला पोहोचवणं), रिकन्सिलिएशन, डिस्प्यूट आणि चार्जबॅक (ग्राहकाने बँकेमार्फत पैसे परत मागणं), मर्चंट ऑनबोर्डिंग (नवे दुकानदार जोडून घेणं), केवायसी पडताळणी, क्रेडिट अंडररायटिंग (कर्ज द्यायचं की नाही हे तपासणं), कंप्लायन्स सहायक, रिस्क विश्लेषक, फायनान्स अँड अकाउंट्स: पदवीनंतर थेट मिळणारी कामं ही. 'बिझनेस डेव्हलपमेंट एक्झिक्युटिव्ह' म्हणजे बहुतेक वेळा दुकानोदुकानी फिरून क्यूआर आणि साउंडबॉक्स लावणं. काम वाईट नाही. दुकानदाराला खरंच काय हवं असतं हे तिथे कळतं. पण तुम्हाला ऑफिसातलं विश्लेषणाचं काम हवं असेल, तर 'पहिले सहा महिने फील्ड, मग बघू' हे आश्वासन लेखी असल्याशिवाय धरून चालू नका.

रिकन्सिलिएशन म्हणजे ताळमेळच ना? त्यात शिकण्यासारखं काय आहे?

ताळमेळच. पण कॉलेजातल्या बँक जुळवणी पत्रकात दहा नोंदी असतात, इथे दिवसाला लाखो. आणि जुळवायच्या बाजू दोन नव्हे, निदान तीन असतात: दुकानदाराची ऑर्डर, पेमेंट कंपनीची स्वतःची नोंद आणि बँकेकडून आलेली सेटलमेंट फाइल.

साधं उदाहरण घ्या. ग्राहकाने क्रेडिट कार्डाने १,००० रुपये दिले. शुल्क २ टक्के ठरलंय, म्हणजे २० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३ रुपये ६० पैसे. दुकानदाराच्या खात्यात ९७६ रुपये ४० पैसे जातात. आता ग्राहकाने माल परत केला. त्याला १,००० परत द्यायचे, पण शुल्क परत मिळेल का, हे करारावर अवलंबून. न मिळाल्यास २३ रुपये ६० पैशांचा खड्डा कोणाच्या खात्यात, हे ठरवावं लागतं. असे पाच हजार परतावे एका दिवसाच्या सेटलमेंटमधून वजा होऊन आले की बँकेची एकच रक्कम दिसते आणि आतलं काहीच कळत नाही.

न जुळण्याची कारणं ठरलेली आहेत. रात्री ११ वाजून ५८ मिनिटांचा व्यवहार एका प्रणालीत आजचा, दुसरीत उद्याचा. टाइमआउट झालेला व्यवहार आधी अयशस्वी नोंदला गेला आणि नंतर यशस्वी ठरला. ग्राहकाने दोनदा बटण दाबलं. परतावा तुकड्यांत दिला. चार्जबॅकची रक्कम मूळ व्यवहाराच्या महिन्यात न येता दोन महिन्यांनी आली. ही यादी डोक्यात असलेला नवा माणूस पहिल्याच आठवड्यात वेगळा दिसतो.

आणखी एक बाब. पेमेंट अ‍ॅग्रिगेटर कंपन्यांना, म्हणजे दुकानदारांच्या वतीने पैसे गोळा करणाऱ्यांना, तो पैसा बँकेतल्या एस्क्रो खात्यात, म्हणजे वेगळ्या राखीव खात्यात, ठेवावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२० च्या नियमावलीपासून हे बंधन आहे. तो पैसा कंपनीच्या पगाराला किंवा जाहिरातीला वापरता येत नाही. म्हणून न जुळलेले दोन लाख ही तिथे फक्त हिशेबनीसाची डोकेदुखी राहत नाही, तो नियामकाचा प्रश्न होतो.

एक्सेल आणि एसक्यूएल नेमकं किती यायला हवं?

एक्सेलमध्ये पिव्होट टेबल, एक्सलुकअप, सम-इफ्स, काउंट-इफ्स, तारखांची सूत्रं आणि पॉवर क्वेरीची ओळख. मॅक्रो नाही आले तरी चालेल. एक खड्डा मात्र सगळ्यांसाठी ठेवलेलाच असतो: एक्सेल संख्येतले फक्त पहिले १५ अंक धरून ठेवतं. सोळा आकडी क्रमांक असलेली सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून उघडली की शेवटचा अंक शून्य होतो, आणि क्रमांकाच्या सुरुवातीला शून्य असेल तर ते गळून पडतं. मग काहीच जुळत नाही आणि दोष बँकेच्या फाइलला दिला जातो. अशी फाइल 'डेटा' मेनूतून आयात करा आणि तो रकाना आधी 'टेक्स्ट' ठरवा.

एसक्यूएलमध्ये सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय, हॅविंग, केस-व्हेन, इनर आणि लेफ्ट जॉईन, आणि रो-नंबरसारखी एक-दोन विंडो फंक्शन्स. दररोज एक तास दिल्यास दोन-तीन महिन्यांत मुलाखतीपुरता हात बसतो. ऑर्डरच्या टेबलाला सेटलमेंटचं टेबल लेफ्ट जॉईन करायचं आणि उजवी बाजू रिकामी असलेल्या ओळी काढायच्या, म्हणजे न आलेले पैसे सापडले. नवखे चुकतात ते जॉईन करताना. एका ऑर्डरला परताव्याच्या दोन ओळी असतील तर ऑर्डरची रक्कमही दोनदा येते आणि बेरीज फुगते. म्हणून परतावे आधी ऑर्डरनिहाय बेरीज करून एका ओळीत आणा, मगच जोडा. आणि रक्कम जुळतेय म्हणून रकमेवर जॉईन कधीच करू नका. ४९९ रुपयांच्या हजार ऑर्डरी असतात.

मुलाखतीत काय विचारतात?

जवळपास ठरलेला प्रश्न: 'यूपीआयने ५०० रुपये कापले गेले, दुकानदाराला मिळाले नाहीत. पैसे कुठे आहेत?' पाठ केलेलं उत्तर ओळखू येतं, त्यामुळे प्रवास समजून घ्या. ग्राहकाच्या अ‍ॅपमधून विनंती अ‍ॅपच्या बँकेमार्फत एनपीसीआयकडे, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेकडे, जाते. एनपीसीआय ग्राहकाच्या बँकेला रक्कम नावे टाकायला सांगते, ती झाल्यावर घेणाऱ्याच्या बँकेला जमा करायला सांगते, आणि मग दोन्ही बाजूंना निरोप जातो. घेणाऱ्याच्या बँकेचं उत्तर वेळेत आलं नाही तर व्यवहार लटकतो. तेव्हा पैसा अ‍ॅपकडे नसतो. तो बँकांच्या मधल्या हिशेबात असतो.

पुढचा उपप्रश्न: परत किती दिवसांत? रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यक्तीकडून व्यक्तीकडे जाणाऱ्या यूपीआय व्यवहारात जमा झाली नाही तर उशिरात उशिरा दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानदाराला पुष्टी मिळाली नाही तर पाच दिवसांपर्यंत रक्कम आपोआप परत व्हायला हवी. त्यानंतर दररोज १०० रुपये भरपाई. तपासासाठी काय मागाल? बारा आकडी आरआरएन (व्यवहाराचा संदर्भ क्रमांक), तारीख, वेळ, रक्कम आणि बँकेचं उतारापत्रक. स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. एवढं म्हटलंत तरी समोरचा माणूस सावरून बसतो.

दुसरा आवडता प्रश्न: 'आमची कंपनी कमावते कशातून?' जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून एमडीआर, म्हणजे व्यवहारामागचं शुल्क, घेता येत नाही. म्हणजे चहाच्या टपरीवरच्या १० रुपयांच्या क्यूआर व्यवहारातून थेट उत्पन्न नाही. मग साउंडबॉक्सचं भाडं, दुकानदारांना मिळवून दिलेल्या कर्जावरचं कमिशन, विमा, क्रेडिट कार्डाचं शुल्क असे मार्ग निघतात. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिचे तिमाही निकाल वाचून जा. चाळीस मिनिटांचं काम आहे, आणि फारच थोडे उमेदवार ते करतात.

कर्ज देणाऱ्या फिनटेकमध्ये जायचं असेल तर?

आधी हा हिशेब करून पाहा. शंभर जणांना प्रत्येकी १०,००० रुपये तीन महिन्यांसाठी, वार्षिक २४ टक्के दराने, शेवटी एकरकमी परतफेड. वाटप १० लाख. सगळ्यांनी फेडलं तर व्याज ६०,०००. तुम्ही स्वतः हा पैसा १२ टक्क्यांनी आणला असेल तर त्याची किंमत ३०,०००. आता फक्त तीन जणांनी बुडवलं असं धरा. मुद्दल ३०,००० गेलं आणि व्याज उरलं ९७ जणांचं, म्हणजे ५८,२००. हातात उणे १,८००. यात जाहिरात, केवायसी, क्रेडिट ब्युरोचं शुल्क आणि वसुली धरलेलीच नाही. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. छोट्या मुदतीच्या कर्जात तेवढ्याने धंदा बसतो.

म्हणून इथे शब्द ठरलेले आहेत. डीपीडी म्हणजे हप्ता किती दिवस थकला. थकलेल्या खात्यांना एसएमए, म्हणजे विशेष लक्ष ठेवायची खाती, म्हणतात: ३० दिवसांपर्यंत एसएमए-०, ३१ ते ६० एसएमए-१, ६१ ते ९० एसएमए-२, आणि ९० च्या पुढे एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. पहिलाच हप्ता चुकला तर तो बहुधा निवडीतला दोष किंवा फसवणूक असते, आठवा चुकला तर ग्राहकाची अडचण. विश्लेषकाने दोन्ही एकाच टक्केवारीत कोंबले की चूक सुरू होते. कर्जांची महिनावार तुकडी करून प्रत्येक तुकडी वयानुसार कशी बिघडते ते पाहायचं असतं. याला व्हिंटेज म्हणतात. एकूण थकबाकीची टक्केवारी बघू नका, कारण वाटप जोरात वाढत असताना ती नेहमीच गोंडस दिसते.

नियमांत सप्टेंबर २०२२ ची डिजिटल कर्जाची मार्गदर्शक तत्त्वं आणि २०२५ मधले त्यांचे एकत्रित निर्देश वाचाच. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात जायला हवी, मधल्या कंपनीच्या खात्यातून फिरायला नको. सगळा खर्च धरून वार्षिक दर आधी लेखी द्यायला हवा. ठरावीक मुदतीत दंडाशिवाय कर्ज परत करता यायला हवं. जून २०२३ पासून मधल्या कंपनीने देण्याच्या तोटा-हमीला (कर्ज बुडाल्यास ठरावीक नुकसान भरून देण्याच्या हमीला) कर्जसंचाच्या ५ टक्क्यांची मर्यादा आहे.

कंप्लायन्स म्हणजे कंटाळवाणं काम, असं म्हणतात.

म्हणोत. जानेवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर कारवाई केल्यापासून हा विभाग नको असलेला खर्च मानणाऱ्यांचा आवाज बराच खाली आलाय. कामात केवायसी, संशयास्पद व्यवहारांचा शोध, एफआययूकडे (सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे) जाणारे अहवाल आणि नवीन परिपत्रकांचा अर्थ लावणं येतं. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल पाठवल्याचा सुगावा ग्राहकाला लागू द्यायचा नसतो. मुलाखतीत हे विचारतात आणि बरेच जण 'ग्राहकाला फोन करून विचारू' असं सांगून बाद होतात.

मराठी माणसाला इथे एक जास्तीची समज असते. आधारवर 'पाटील सुनीता रमेश', पॅनवर 'सुनीता रमेश पाटील', बँकेत लग्नापूर्वीचं आडनाव: नावं जुळवणारी प्रणाली अशा खऱ्या ग्राहकांना नाकारते. नाव-वडील/पती-आडनाव ही रचना माहीत असलेला माणूस नियम नेमका कुठे सैल करायचा आणि कुठे विवाहाचं प्रमाणपत्र मागायचं, हे सांगू शकतो. व्हिडिओ केवायसी हेही सुरुवातीचं चांगलं काम आहे. ते बँकेच्या किंवा एनबीएफसीच्या (बँक नसलेल्या वित्तसंस्थेच्या) स्वतःच्या प्रशिक्षित अधिकाऱ्यानेच करायचं असतं, त्यामुळे नोकरी थेट नियमनाखालच्या संस्थेत मिळते.

कोणती प्रमाणपत्रं खरंच उपयोगी?

दिशा ठरल्याशिवाय एकही नको. गुंतवणुकीच्या कंपन्यांसाठी एनआयएसएमची (सेबीने स्थापन केलेल्या प्रशिक्षण संस्थेची) संबंधित परीक्षा. प्रमाणपत्राची मुदत साधारण ३ वर्षं असते, तेव्हा नोकरीच्या दोन वर्षं आधी देऊन ठेवण्यात अर्थ नाही. केवायसी-कंप्लायन्ससाठी आयआयबीएफ या बँकिंग प्रशिक्षण संस्थेचं मनी लाँडरिंगविरोधी प्रमाणपत्र स्वस्त आणि पुरेसं. परदेशी संस्थांची महागडी प्रमाणपत्रं नोकरी लागल्यावर, शक्यतो कंपनीच्या खर्चाने. जोखीम व्यवस्थापनातच राहायचं पक्कं असेल तर एफआरएम (फायनान्शियल रिस्क मॅनेजर). 'फिनटेक मास्टरी' नावाचे लाखभर रुपयांचे ऑनलाइन कोर्स टाळा. त्यातला मजकूर रिझर्व्ह बँक आणि एनपीसीआयच्या संकेतस्थळांवर फुकट आणि अधिक अचूक मिळतो.

एमबीए लगेच करू की आधी नोकरी?

जमनालाल बजाज, सिडनहॅम किंवा पुम्बासारख्या (पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग), कमी शुल्काच्या आणि कंपन्या जिथे येतात अशा संस्थेत प्रवेश मिळत असेल तर लगेच. नाहीतर दोन वर्षं काम करून मग. कर्ज काढून कुठल्याही महाविद्यालयातून केलेल्या एमबीएला फिनटेकमध्ये वेगळा भाव नाही. एसक्यूएल येणारा बी.कॉम. त्याच खुर्चीवर बसतो.

अनुभव नाही. रेझ्युमेत काय दाखवू?

एकच प्रकल्प, पण खऱ्या आकड्यांवरचा. एनपीसीआय दर महिन्याला यूपीआयची आकडेवारी प्रसिद्ध करते. त्यात बँकनिहाय नाकारलेल्या व्यवहारांचं प्रमाण दोन प्रकारांत असतं: ग्राहकाच्या कारणाने, म्हणजे चुकीचा पिन किंवा अपुरी शिल्लक, आणि तांत्रिक कारणाने. बारा महिन्यांच्या फाइली उतरवा, बँकांची नावं एकसारखी करा (निम्मा वेळ यातच जातो), आणि कोणत्या बँकांचं तांत्रिक अपयश सतत जास्त आहे ते दाखवा. सोबत एक पान लिहा: पेमेंट कंपनीने या माहितीवरून काय करावं? मुलाखतीत तासभर बोलता येईल एवढा मसाला यात आहे. तयार टेम्प्लेटमधला 'शेअर भाव अंदाज' प्रकल्प मात्र आणू नका.

मुंबई, पुणे की बंगळूर?

नियामक, बँका आणि एनपीसीआय मुंबईत, त्यामुळे कंप्लायन्स, सेटलमेंट, ब्रोकिंग आणि बँक-भागीदारीचं काम तिकडे. पुण्यात बार्कलेज, डॉइश बँक, मास्टरकार्ड यांची मोठी केंद्रं आणि बजाज फायनान्स. परदेशी बँकांच्या केंद्रांत प्रक्रिया शिस्तीत शिकायला मिळते, पण एकाच तुकड्यावर वर्षानुवर्षं राहण्याचा धोका असतो. प्रॉडक्टची कामं बंगळूरला जास्त.

मी नागरी सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत आहे. तो अनुभव धरतात का?

नीट मांडलात तर धरतात. 'रोखपाल, दोन वर्षं' लिहू नका. कोअर बँकिंग बदलताना खात्यांची तपासणी केली, एनएसीएचच्या (खात्यातून हप्ते आपोआप कापणाऱ्या यंत्रणेच्या) परत आलेल्या हप्त्यांचा हिशेब ठेवला, एटीएमच्या तक्रारी निकाली काढल्या, लेखापरीक्षणातली केवायसीची त्रुटी दूर केली, असं लिहा, आकड्यांसह. सहकारी बँकांना प्रणाली विकणाऱ्या कंपन्यांना दोन्ही बाजूंची भाषा कळणारा माणूस हवा असतो.

ऑफर लेटरमध्ये ६ लाख लिहिलंय. हातात किती?

पन्नास हजार नव्हे. समजा मूळ पगार ३ लाख, बदलता भाग ६०,०००, कंपनीचा पीएफ महिना १,८०० प्रमाणे २१,६००, ग्रॅच्युइटी १४,४३०. हे वजा जाता महिन्याला सुमारे ४२,०००. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की ४०,०००. ईसॉपचे (कर्मचाऱ्यांना कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क) कागद दिले तर विचारा: किती वर्षांत मिळतात, पहिल्या वर्षाच्या आत सोडल्यास काय, नोकरी सोडल्यावर ते वापरायला किती दिवस, आणि वापरताना बसणारा कर भरायला पैसे कुठून आणायचे? शेअर बाजारात नोंदणी न झालेल्या कंपनीच्या ईसॉपची किंमत पगारात धरू नका.

प्रॉडक्ट मॅनेजर कधी होता येतं?

थेट फार क्वचित. ऑपरेशन्समध्ये दीड-दोन वर्षं काढून, तक्रारींच्या मुळाशी असलेले दोष लेखी मांडून, टेक टीमकडून ते दुरुस्त करून घेतल्याची नोंद असेल तर कंपनीतल्या कंपनीत हा बदल होतो. बाहेरून अर्ज करण्यापेक्षा हा रस्ता जवळचा.

नोकरीआधी 'सिक्युरिटी डिपॉझिट' मागितलंय. आणि एक जण माझं खातं महिन्याला ठरावीक रकमेवर मागतोय.

पहिलं फसवणूक आहे, पैसे देऊ नका. दुसरं त्याहून घातक. 'पेमेंट प्रोसेसिंग पार्टनर', 'घरबसल्या फिनटेक जॉब' अशा नावांखाली विद्यार्थ्यांची खाती सायबर चोरीचा पैसा फिरवायला वापरली जातात. तक्रार आली की खातं गोठतं, चौकशी खातेदाराची होते, आणि पार्श्वभूमी तपासणीत हे निघालं तर पैशाशी संबंधित कोणतीही कंपनी नोकरी देत नाही. खातं, एटीएम कार्ड किंवा सिम आधीच दिलं असेल तर आजच बँकेला लेखी कळवून खातं थांबवा, १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि झालेली सगळी चॅट जपून ठेवा, डिलीट करू नका.